मधल्या अवस्थेचे आकडे

बाई, आज आपल्या विभागात जाऊन आले. तुमचं टेबल जिथे होतं तिथे आता विभागप्रमुखांचं लोखंडी कपाट आहे. त्यांच्यासमोर बसून मी सांगितलं की माझ्या प्रबंधातला एक आलेख खोटा आहे, त्यातले आकडे मी घरी बसून बदलले होते, आणि हे मला लेखी द्यायचं आहे. अर्ज लिहूनच नेला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, उठून दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. ते हसले. "सोडा न मॅडम. तेरा वर्षांनी हे काय घेऊन बसल्या तुम्ही? कोण उघडते तो थिसिस? लायब्ररीत जाऊन पाहा, एक तरी ठप्पा आहे का त्याच्यावर. अन् तुमच्या गाइड तं गेल्या. आता कोणासाठी करून राहिल्या हे?" मग त्यांनी चहा मागवला आणि मी तो प्यायले. अर्ज त्यांनी टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला, मी तो पर्समध्ये ठेवला आणि खरंच लायब्ररीत गेले. सगळ्यात खालच्या फळीवर, काळ्या कापडी बांधणीत, माझं नाव सोनेरी अक्षरात. मागच्या चिठ्ठीवर एकही ठप्पा नव्हता. तेरा वर्षं मी ज्या पुस्तकाच्या भीतीत काढली ते कोणी उघडलंच नव्हतं. हे पाहून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले आणि उठताच येईना. ज्याच्यापाशी कबूल करावं असं माणूस एकच होतं, आणि ते होतं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. म्हणून आता हे तुम्हाला लिहिते आहे.

मी उमरेडच्या विणकराची मुलगी. एम.एस्सी.चा निकाल लागल्यावर तुम्ही स्वतः मला बोलावून घेतलंत. खिडकीतून ऊन येत होतं आणि तुम्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहीत होता. वर न बघता तुम्ही सांगायला लागलात. प्रोटीन म्हणजे लांबच लांब साखळी. तयार होते तेव्हा सुटी असते, आणि मग आपली आपण घडी घालून घट्ट गोळा होते. कोणी घडी घालून देत नाही. ती घडी बरोबर पडली तरच प्रोटीन काम करतं. आपण उलट्या बाजूने जायचं. घडी मोडत जायची, आणि कितपत जोर लावल्यावर ती मोडते ते मोजायचं. मी विचारलं, "पण बाई, मोडताना मधे काय होतं?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वर बघितलंत. "मधे काही नसतं. एक तर घडी असते, नाही तर नसते. मधली अवस्था आली तरी टिकत नाही." त्या काळी सगळं जग हेच मानत होतं, तुम्ही काही वेगळं सांगत नव्हता. पण तुम्ही वर बघितलंत ते मला आवडलं. इतकं, की पहिलं वर्षभर मी उमरेडहून रोज सकाळच्या पहिल्या एसटीनं येत राहिले आणि कधी उशीर केला नाही. मग शहरातच, नंदनवन वस्तीत, खोली घेतली.

आपण निवडलेलं प्रोटीन दुधातलं, आणि तुम्हाला शेळीचंच दूध हवं होतं. जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे एक म्हातारी शेळ्या पाळायची. एक दिवसाआड मी किटली घेऊन जायची. महिनाभर तिनं काही विचारलं नाही, मग एकदा न राहवून म्हणाली, "कायले लागते वं पोरी तुले इतकं दूध? घरी तान्हं लेकरू हाय का?" मी म्हटलं, लेकरू नाही, अभ्यासाला लागतं. तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी किटली उचलून निघाले. दूध आणून साय काढायची, आम्ल टाकून ते नासवायचं, चोथा बाजूला करायचा आणि राहिलेल्या निवळीतून आपलं प्रोटीन शुद्ध करत जायचं. बाराएक दिवसांची मेहनत, आणि शेवटी हातात येते चिमूटभर पांढरी भुकटी. ती विरघळवून तिच्यात युरिया वाढवत न्यायचा, म्हणजे घडी मोडत जाते. बाबांना हे सांगितलं तर मागावरचा हात थांबवून म्हणाले, "युरिया तं वावरात टाकतेत. तू दुधात टाकून राहिली काय वं?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. तुम्हाला इतकं हसताना मी परत पाहिलं नाही.

घडी मोडली की नाही हे आपण दोन तऱ्हांनी मोजत होतो. एक, अतिनील प्रकाश त्यातून किती पार जातो ते. दुसरं, काचेच्या बारीक नळीतून ते द्रावण उतरायला किती सेकंद लागतात ते. गोळा असेल तर लवकर उतरतं, साखळी पसरली असेल तर रेंगाळतं. दोन्हींचे आलेख काढायचे, आणि मधे काही नसेल तर ते दोन वक्र एकावर एक पडायला हवेत. माझे पडत नव्हते. थोड्याशा युरियातच प्रकाश सांगायचा की घडी मोडली. नळी सांगायची, छे, गोळा अजून घट्ट आहे. आणि मधल्या पट्ट्यात प्रोटीन ना धड घडीत, ना धड मोकळं. सकाळी केलेलं द्रावण संध्याकाळी मोजलं तरी आकडे तेच, दुसऱ्या दिवशी मोजलं तरी तेच. ते कुठे जातच नव्हतं. तिथेच मुक्काम केल्यासारखं थांबून होतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा तो मे महिना मी विसरू शकत नाही. सकाळी साडेपाचलाच आपण काम सुरू करायचो, कारण नळी ज्यात बुडवलेली असायची त्या पाण्याच्या टाकीचं तापमान दहानंतर आवरायचं नाही. मी बर्फाच्या कारखान्यातून तरटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणते, अर्धी रस्त्यातच वितळते. वीज जाते. मी हाताने पाणी ढवळत राहते, एका डोळ्याने थर्मामीटर, एका डोळ्याने नळी, मुठीत स्टॉपवॉच. मी तिसऱ्यांदा तसाच आलेख आणला तेव्हा तुम्ही तो सगळ्यांसमोर टेबलावर टाकलात. एम.एस्सी.ची मुलं उभी होती. "हात थरथरतो तुझा. टाकी तापते आणि तू त्याचा शोध लावतेस. निसर्ग तुझ्यासाठी नियम बदलणार आहे का?" मी म्हटलं, "बाई, टाकी पंचविसावर होती. मी दर मिनिटाला लिहिलंय." तुम्ही म्हणालात, "मग लिहिण्यात चूक आहे. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. पाच वेळा केलं, बाई. पाचही वेळा ते वक्र त्याच जागी एकमेकांपासून सुटे झाले.

मग जूनमध्ये तुम्ही मला खोलीत बोलावून दार लावलंत. डॉक्टरांनी गाठ सांगितली होती. तुम्ही ते असं सांगितलंत जसं काही उपकरण दुरुस्तीला पाठवायचं आहे. "ऑपरेशन लवकर करायला हवं म्हणतात. मी नसले तर तुला दुसरा गाइड, दुसरा विषय, पहिल्यापासून सगळं. ते मला नको आहे. ऑगस्टच्या आत तुझा प्रबंध जायला हवा. वक्र जुळव." तुमच्या मनात होतं, हात स्थिर ठेव आणि प्रयोग नीट कर. हे मला तेव्हाही कळत होतं. पण फेलोशिप संपत आली होती, एका कॉलेजात जागा होती ती प्रबंध दिल्याशिवाय मिळणार नव्हती, माझं, मोठीचं, काही ठरत नाही म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न अडलं होतं. आणि सगळ्यांत वर तुम्ही, पदराखाली हात लपवून बसलेल्या. सहाव्यांदा प्रयोग केला. वक्र तसेच. त्या दुपारी नंदनवनातल्या खोलीत डोक्यावर ओला टॉवेल टाकून मी वही उघडली आणि मधल्या पट्ट्यातल्या नळीच्या सेकंदांशेजारी पेन्सिलनं दुसरे आकडे लिहिले. नऊ आकडे. प्रत्येक थोडा थोडा वाढवला. एकदम सारखे दिसू नयेत म्हणून दोन मुद्दाम जरा बाहेर ठेवले. हे मला सुचलं, याचंच अजून भय वाटतं. तासाभराच्या आत वक्र एकावर एक पडले. ओठ इतके कोरडे झाले होते की पाणी पिताना चिरले.

आलेख घेऊन मी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात गोळाभात केला होता, कढईत मोहरीचं फोडणीचं तेल अजून तडतडत होतं. पदराला हात पुसून तुम्ही कागद खिडकीच्या उजेडात धरलात. किती तरी वेळ. मग म्हणालात, "बघ. बसला ना हात?" आणि मला पाटावर बसवून स्वतः वाढलंत, भातावर तेल घातलंत, समोर बसून राहिलात. "तुला फार बोलले त्या दिवशी. पण बोलले म्हणून झालं." मी खात होते. पुन्हा भात मागून घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, काय झालं. जेवण झाल्यावर तुम्ही तिथेच, ओट्याच्या कडेला कागद ठेवून, सही केलीत. मला तुमचं स्वतःचं स्टॉपवॉच दिलंत, निकेलचं, परदेशातून आणलेलं. म्हणालात, आता हे तुझ्याच हातात बरं. ते मी एकदाही वापरलं नाही.

ऑपरेशन झालं, त्याचा काही उपयोग झाला नाही. हिवाळ्यापर्यंत मला पदवी मिळाली, कॉलेजात नोकरी लागली, आणि तुम्ही दवाखान्यातून परत येईनाशा झालात. एका रविवारी दुपारी मी आले तेव्हा तुमच्या वहिनी दवाखान्याच्या अंगणात उन्हात केस वाळवत बसल्या होत्या. आत तुम्ही उशीला टेकून बसलेल्या आणि मांडीवर माझा प्रबंध. हात इतके बारीक झाले होते की तो जाड ग्रंथ तुम्ही धरला होता की त्यानं तुम्हाला, कळत नव्हतं. विभागात इतकी वर्षं तुम्ही शुद्ध, पुस्तकी बोलायचात. त्या खाटेवर तुमची गावाकडची बोली बाहेर आली होती. "बस वं. मी विचार करून राहिली. तुह्या पहिल्या कर्व्हचा. चूक असती न, तं दर वेळी निराळ्या जागी आली असती. ते तं पाचही वेळा एकाच जागी आलं. टाकी तापल्यानं असं होत नाही." "मधे काही तरी हाय. टिकून राहणारं हाय. अन् मीच तुले गप्प केलं. मग शेवटचा कर्व्ह कसा काय जुळला, हे मले समजत नाही. ती वही आण. मी पाहतो. प्रबंधाले पुरवणी जोडू, मी सांगतो युनिव्हर्सिटीवाल्याहीले की गाइडची चूक होती." तुमचा आवाज आनंदी होता, बाई. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. तुम्हाला काही तरी सापडलं होतं, मरणाच्या खाटेवर, आणि ते माझ्या वहीत होतं.

त्या वहीत खरे आकडे शाईनं होते आणि खोटे त्यांच्याशेजारी पेन्सिलनं. दुसऱ्या दिवशी मी वही पिशवीत घातली आणि रिक्षानं दवाखान्यापर्यंत आले. खोडरबर घेऊन बसले असते तर पेन्सिल पुसता आली असती, पण सहाव्या प्रयोगाचे खरे आकडे पाहिल्यावर तुम्हाला कळलंच असतं की प्रबंधातले कुठून आले. फाटकाशी एक जण पपई विकत होता. मी त्याच्या गाड्याजवळ पंधरा-वीस मिनिटं उभी राहिले. मग वही पिशवीत तशीच ठेवून आत आले आणि म्हटलं, "बाई, सापडत नाहीये. खोली बदलताना कुठे गेली कोण जाणे." तुम्ही माझ्या पिशवीकडे पाहिलंत की माझ्या तोंडाकडे, हे तेरा वर्षं मी आठवून पाहते आहे. मग म्हणालात, "असू दे. पुन्हा कर. दूध का संपलं हाय दुनियेतलं?" आणि डोळे मिटले. तुम्हाला कळलं होतं का? कळूनही तुम्ही मला बाहेर पडायची वाट करून दिलीत का? की खरंच विश्वास ठेवलात? दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. आठव्या दिवशी तुम्ही गेलात.

मी पुन्हा केलं नाही. वर्गात उभी राहून दर वर्षी मुलींना शिकवत राहिले, की घडी असते किंवा नसते, मधली अवस्था टिकत नाही. पुस्तकात तसंच होतं. परीक्षेत तो प्रश्न मी काढायचे आणि बरोबर उत्तराला पूर्ण गुण द्यायचे. मग तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शिक्षकांसाठी वर्ग भरले. बाहेरून आलेल्या एका व्याख्यात्यांनी फळ्यावर दोन वक्र काढले, एकमेकांपासून सुटे, अगदी तसे, आणि मधल्या पट्ट्यावर खडू टेकवून म्हणाले, आता असं दिसू लागलं आहे की इथे एक अवस्था असते, बाहेरून घट्ट, आतून सैल, आणि चांगली स्थिर. हे आपल्या प्रोटीनवर, दुधातल्याच, इतरांनी दाखवलं होतं. शेजारच्या बाई शांतपणे वहीत उतरवून घेत होत्या. मी उठून बाहेर आले आणि अंगणातल्या नळाखाली डोकं धरलं. कोणाला वाटलं ऊन लागलं. कोणी कांदा आणून दिला.

नाव माझं व्हायला हवं होतं म्हणून मी रडत नव्हते. थोडं त्यासाठीही असेल. पण तुम्ही त्या रविवारी एकट्यानं, निव्वळ विचार करून, तिथे पोहोचला होता, आणि त्याचा पुरावा मी पिशवीत घालून फाटकावरून परत नेला, हे मला सहन होईना. गेल्या मे महिन्यात उमरेडहून शेळीचं दूध मागवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना सुट्टी असताना पंधरा दिवस काम केलं. नळीचे आकडे आले, तेच, त्याच जागी. पण प्रकाश मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, आणि एका वक्रानं काहीच सिद्ध होत नाही, दोन हवेत. आज विभागप्रमुखांकडे दुसरी मागणी ती होती: दोन आठवडे यंत्र वापरू द्या. ते म्हणाले, "ते तं केव्हाचं बंद हाय मॅडम. दिवाच गेला त्याचा." म्हणजे तुम्ही सांगितलेलं मी आता करायला गेले तर तेही करता येत नाही. खोटं मागे घेता येत नाही, कारण कोणाला ते नको आहे. खरं पुढे ठेवता येत नाही, कारण ते आता सगळ्यांकडे आहे. वाचेल असं कोणी उरलेलं नाही. सकाळी भाजी निवडताना, मुलींच्या वह्या तपासताना, मला एकदम धाप लागते आणि मी काम सोडून भिंतीला टेकून उभी राहते. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे.

हे कागद मी टपालात टाकणार नाही. पाकीट घेतलं होतं, त्यावर लिहायला काही सुचलं नाही, तेव्हा ते ड्रॉवरमध्ये परत ठेवलं. तुमच्या वहिनींना द्यावं असंही एकदा मनात आलं, पण त्या आता थकल्या आहेत, आणि त्यांनी तुमची आठवण चांगली जपली आहे. एवढंच राहिलं आहे सांगायचं. तुम्ही गेल्याचं विभागातला शिपाई सायकलवर येऊन सांगून गेला. मी तासावर होते. वर्ग सोडला, स्टाफरूममध्ये आले, पंख्याखाली बसले. रडले मी, बाई, खूप रडले, सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच्या आधी, खुर्चीत बसता बसता, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता ती वही कोणी मागणार नाही. आणि मला बरं वाटलं.